रॅम आधी घेतली, आता बोर्ड कुठला?

"दादा, मी सांगलीत इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्यांदाच गेमिंग पीसी स्वतः जोडायचाय. बजेट मॉनिटरसकट ९० हजार, निम्मे बाबांचे आणि निम्मे माझे. व्हिडिओ बघून यादी केली: रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड (ओळखीच्या एकाकडून जुना मिळतोय), आरटीएक्स ५०६० ८ जीबी, काचेचं कॅबिनेट आणि त्याच्याबरोबर येणारा ५०० वॉटचा एसएमपीएस. डीडीआर५-५६०० रॅमची १६ जीबीची (८+८) जोडी २०२५ च्या ऑगस्टमधल्या सेलमध्येच घेऊन ठेवली आहे, अजून पाकीट फोडलेलं नाही. जुन्या लॅपटॉपमधली २५६ जीबीची एम.२ एसएसडी आहे, घरात ६०० व्हीएचा यूपीएस आहे. व्हॅलोरंट, जीटीए ५ आणि जमलं तर नवे गेम खेळायचेत. सगळं एकमेकांना बसेल ना? बाबा म्हणतात, दुकानातूनच जोडून घे."
– एक वाचक, सांगली

मित्रा,

तुझी रॅम तुझ्या यादीतल्या बोर्डात बसणार नाही. बी४५० हा रॅमच्या आधीच्या पिढीचा, डीडीआर४ चा बोर्ड (सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड) आणि तुझ्या हातात नव्या पिढीची डीडीआर५. दोन्हींच्या पिना २८८ च, लांबीही तेवढीच, पण मधली खाच वेगळ्या जागी असते. जोर लावलास तर पट्टी बसणार नाहीच, वर स्लॉट मोडेल. आणि प्रश्न नुसत्या खाचेचा नाही. रॅमशी व्यवहार करणारा कंट्रोलर प्रोसेसरच्या आत असतो आणि रायझन ५ ५६०० मधल्या कंट्रोलरला डीडीआर४ शिवाय दुसरं काही चालत नाही. म्हणजे नुसता बोर्ड बदलून भागणार नाही, प्रोसेसरही बदलावा लागेल. (रॅमवरही ५६०० आणि प्रोसेसरवरही ५६०० बघून ही जोडी जमली असं वाटलं असेल, तर असं वाटणारा तू एकटा नाहीस. रॅमवरचा आकडा वेगाचा आहे, प्रोसेसरवरचा निव्वळ मॉडेलचा.)

प्रोसेसर, बोर्ड आणि रॅम ही यादीत तीन ओळींत लिहिली जातात म्हणून तीन वेगळ्या खरेद्या वाटतात. ती एकच खरेदी आहे. यातलं एक ठरलं की उरलेल्या दोघांचे पर्याय तिथल्या तिथे आटतात. लोक बहुधा प्रोसेसरपासून सुरुवात करतात, तू रॅमपासून केलीस. हरकत नाही, आता रॅमपासूनच पुढे जाऊ.

कारण ती रॅम विकून टाक असं मी अजिबात म्हणणार नाही. २०२५ च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव चढले. मेमरी बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली क्षमता एआयच्या डेटा सेंटरकडे वळवली आणि घरगुती ग्राहकाच्या वाट्याला कमी माल आला. तू त्याआधी घेतलीस. आज तीच जोडी घ्यायला गेलास तर तुझं बजेट तिथेच वाकलं असतं. तेव्हा रॅम ठेव आणि बाकीचं तिच्याभोवती बांध.

डीडीआर५ म्हटलं की रायझन बनवणाऱ्या एएमडीकडे एएम५ सॉकेट, म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसायची जागा. हे सप्टेंबर २०२२ मध्ये रायझन ७००० मालिकेबरोबर आलं आणि त्यावर डीडीआर५ शिवाय काही चालतच नाही, त्यामुळे घोळाला जागा नाही. निदान २०२७ पर्यंत या सॉकेटला साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. त्यांचं आधीचं एएम४ सॉकेट २०१६ चं आणि त्यासाठी २०२४ मध्येही नवे प्रोसेसर आले होते, त्यामुळे या शब्दावर विश्वास ठेवायला हरकत नाही. तू अजून दोन वर्षं कॉलेजात आहेस. नोकरी लागल्यावर नुसता प्रोसेसर बदलून हाच बोर्ड पुढे वापरता येईल.

एएम५ मध्ये तुझ्यासाठी रायझन ५ ७६००. दुकानदार ७५००एफ दाखवेल, ते स्वस्त असतं आणि गेममध्ये फरक फारसा जाणवत नाही. तरी मी ७६०० च म्हणेन, कारण त्यात छोटं का होईना स्वतःचं ग्राफिक्स आहे आणि ७५००एफ मध्ये नाही. पहिल्यांदा पीसी जोडणाऱ्याला याचा केवढा आधार असतो ते मशीन सुरू न झाल्यावर कळतं. पडद्यावर काहीच आलं नाही तर ग्राफिक्स कार्ड काढून बाजूला ठेवायचं, केबल बोर्डाच्या एचडीएमआयला लावायची आणि बघायचं. चित्र आलं तर खोट कार्डात किंवा त्याच्या वायरीत, नाही आलं तर इतरत्र. ७५००एफ असेल तर ही तपासणी करायला शेजाऱ्याचं कार्ड मागून आणावं लागतं. शिवाय ७६०० च्या खोक्यात कूलर येतो. ७५००एफ पुष्कळदा 'ट्रे' म्हणून सुटा विकला जातो, तेव्हा कूलर वेगळा घ्यावा लागतो आणि स्वस्ताईतला बराचसा भाग तिथेच जातो. ८४००एफ नावाचं अजून एक स्वस्त प्रोसेसर दिसेल. त्याची कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ७६०० च्या निम्मी आहे, १६ एमबी, आणि ग्राफिक्स कार्डासाठी लेनही, म्हणजे डेटाच्या वाटाही, कमी. ते सोड.

इंटेलचं १२४००एफ घेतलं तरी चालेल, गेमला वाईट नाही. पण त्या सॉकेटवर चौदाव्या पिढीनंतर मोठं नवं काही आलेलं नाही. आणि तिथे एक सापळा आहे: बी७६० सारखा एकाच चिपसेटचा (बोर्डावरची मुख्य चिप, बोर्डाचं नाव तिच्यावरून पडतं) बोर्ड डीडीआर४ आणि डीडीआर५ अशा दोन्ही प्रकारांत मिळतो, नावातला फरक कधीकधी शेवटच्या 'डी४' एवढाच. ज्याच्याकडे आधीपासून डीडीआर५ आहे त्याने या भानगडीत न पडलेलं बरं.

बोर्ड बी६५० चा, मायक्रो-एटीएक्स. बी८५० त्याच भावात मिळाला तर तो. एक्स मालिकेच्या महागड्या बोर्डांनी तुझे फ्रेम (गेममध्ये सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढणार नाहीत. निवडलेल्या बोर्डाच्या कंपनीच्या पानावर जा आणि प्रोसेसरची यादी उघड. प्रत्येक प्रोसेसरसमोर तो बायॉसच्या (मशीन सुरू करणारा बोर्डातला प्रोग्राम) कोणत्या आवृत्तीपासून चालतो ते लिहिलेलं असतं. ७६०० जानेवारी २०२३ चं, त्यामुळे आज दुकानात असलेल्या बी६५० वर ते चालेलच. पण दुकानदाराने ऐनवेळी ९६००एक्स गळ्यात मारलं तर हीच यादी कामाला येईल, कारण जुना साठा असेल तर बायॉस अपडेट करावं लागतं. बोर्डाच्या मागे बायॉस फ्लॅशबॅकचं बटण असेल तर ते काम प्रोसेसर न बसवताही पेन ड्राइव्हवरून होतं. हजारभर रुपये जास्त पडले तरी हे बटण असलेला बोर्ड घे.

ओळखीच्याकडचा बी४५० का नको, याचं आणखी एक कारण आहे. आरटीएक्स ५०६० ला स्लॉट लांब असला तरी लेन आठच असतात. बी४५० वर पीसीआय एक्सप्रेसची (बोर्ड आणि कार्ड यांच्यामधली जोडणी) जुनी ३.० आवृत्ती आहे, म्हणजे त्या आठ लेन जुन्या वेगाने धावणार. एरवी फरक कळत नाही, पण नव्या गेममध्ये कार्डाची ८ जीबी मेमरी भरली की डेटा याच वाटेने ये-जा करतो आणि खेळ अडखळतो. बी६५० वर ही वाट निदान ४.० ची असते. उद्या डीडीआर४ ची फुकट रॅम मिळाली तरी या कार्डाखाली मी बी४५० ठेवणार नाही.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणारा डबा. तुझ्या यादीत सगळ्यात जास्त चिंता मला याची वाटली.

कॅबिनेटबरोबर 'फ्री' येणाऱ्या एसएमपीएसवर ५०० वॉट लिहिलेलं असतं, पण बाजूचं लेबल वाच. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवर जगतात. लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघ आणि त्याला १२ ने गुण. चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर ४५ च्या आसपास अँपिअर असतात, म्हणजे ५४० वॉट. जवळजवळ सगळी ताकद जिथे हवी तिथे. फुकटच्यावर २५ अँपिअर निघाले तर झाले ३०० वॉट. उरलेले आकडे ३.३ आणि ५ व्होल्टमध्ये, जिथे आजच्या मशीनला फारसं काम नाही. काहींवर १२ व्होल्टचा रकाना धडपणे छापलेलाही नसतो. तसला एसएमपीएस उचलूच नकोस.

तुझा हिशेब असा: ५०६० चे १४५ वॉट, ७६०० पूर्ण जोरात ८८, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून ५० च्या आत. झाले २८० च्या आसपास. ५०६० बनवणारी एन्व्हिडिया या कार्डासाठी ५५० वॉट सांगते, ते कार्ड क्षणभरासाठी बराच जास्त प्रवाह ओढतं म्हणून आणि बाजारातले सगळेच एसएमपीएस खरे नसतात म्हणून. नावाजलेल्या कंपनीचा, पाच वर्षं वॉरंटीचा ५५० किंवा ६५० घे. ८५० ची गरज नाही, तो पैसा कार्डात घाल. '८० प्लस'चा शिक्का विजेची बचत किती ते सांगतो, आतला माल किती टिकाऊ आहे ते नाही, म्हणून वॉरंटीची वर्षं बघायची.

वायरींबद्दल दोन सूचना, दोन्ही महागात जाणाऱ्या. प्रोसेसरची आठ पिनांची वायर ४+४ अशी फुटते आणि ग्राफिक्स कार्डाची ६+२ अशी. दिसायला जुळ्या, पण आतली जोडणी उलटी. दाबून एकीच्या जागी दुसरी बसवू नकोस. आणि एसएमपीएस मॉड्युलर असेल, म्हणजे वायरी सुट्या येत असतील, तर दुसऱ्या एसएमपीएसची वायर त्याला कधीही लावायची नाही, कंपनी एकच असली तरीही. एसएमपीएसकडच्या टोकाची पिनांची मांडणी प्रत्येकाची वेगळी असू शकते आणि एसएसडी जळायला एक सेकंद पुरतो.

याच हिशेबात तुझा यूपीएस येतो, आणि परदेशी व्हिडिओंत हा विषय निघतच नाही. ६०० व्हीएचा घरगुती यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॉट. मशीनच्या आत २८० लागले तर एसएमपीएस स्वतः १५ टक्के खाणार, म्हणजे भिंतीतून ३३० च्या आसपास. मॉनिटरचे २५-३० मिळव. बरोबर काठावर येतोस. बॅटरी जुनी असेल तर गेम चालू असताना लाइट गेली की यूपीएस एकदा ओरडेल आणि सगळं बंद. हजार-अकराशे व्हीएचा घे, ६०० वॉटच्या आसपासचा. तोही खेळत बसण्यासाठी नाही, नीट बंद करायला पाच मिनिटं मिळावीत म्हणून. आणखी एक गोम आहे. चांगल्या एसएमपीएसमध्ये अॅक्टिव्ह पीएफसी (वीज सुरळीत ओढणारं सर्किट) असतं आणि स्वस्त यूपीएसची बॅटरीवरची लहर चौकोनी असते. काही जोड्यांचं यावरून बिनसतं, लाइट गेली की यूपीएस शाबूत असूनही पीसी बंद पडतो. प्युअर साइन वेव्ह, म्हणजे भिंतीतल्या विजेसारखी गोलसर लहर देणारा, यूपीएस परवडला तर प्रश्नच मिटला. नाहीतर यूपीएस आणल्याच्या दिवशीच काही न साठवलेलं उघडं नाही ना ते बघून गेम चालू कर आणि भिंतीवरचं बटण बंद करून पाहा. बदलून घ्यायची मुदत असते तेव्हाच ही परीक्षा घ्यायची. आणि प्लगला अर्थिंग खरंच आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून एकदा बघून घे. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर दोष बहुधा तिथे असतो.

लॅपटॉपची एसएसडी बाहेर काढून तिचं लेबल वाच. एम.२ हा फक्त आकार झाला, त्यात साटा (जुना, संथ) आणि एनव्हीएमई (नवा, वेगवान) असे दोन प्रकार येतात. साटा निघाली तर एएम५ च्या बहुतेक बोर्डांच्या एम.२ स्लॉटमध्ये ती बसेल पण दिसणार नाही. एनव्हीएमई असली तरी २५६ जीबीत विंडोज आणि एखाद-दुसरा मोठा गेम मावला की संपलं. १ टीबीची नवी एनव्हीएमई बजेटमध्ये धर.

काचेच्या कॅबिनेटवर तुझा जीव जडलाय हे पत्रावरून कळतंय. पुढून काच, बाजूने काच, आणि हवा घ्यायला खालून बोटभर फट. एसी असलेल्या खोलीत ते शोभतं. सांगलीत एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा आतली हवा बाहेर जायला वाट हवी. पुढे जाळी असलेलं घे, समोर दोन पंखे आत ओढणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा. काच हवीच असेल तर एका बाजूला असू दे. मापं तीन बघायची: बोर्ड मायक्रो-एटीएक्स म्हणजे २४४ मिमीचा चौरस, तो बसतो का, कार्डाची लांबी कॅबिनेटच्या मर्यादेत आहे का (दोन पंख्यांचं कार्ड २० ते २५ सेंमी, तीन पंख्यांचं ३० पर्यंत जातं), आणि पुढे मोठा टॉवर कूलर लावायचा झाला तर १६० मिमीची उंची आहे का. धूळ दर दोन-तीन महिन्यांनी काढावी लागेल, जाळी सुटी निघणारी असली तर बरं.

कार्डाबद्दल थोडं. व्हॅलोरंट आणि जीटीए ५ साठी ५०६० भरपूर झालं. 'जमलं तर नवे गेम' या शब्दांमुळे मी विचार करतोय, कारण नव्या गेमना ८ जीबी कमी पडायला लागलीय. एएमडीच्या आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी कार्डाचा भाव तुझ्या आवाक्यात आला तर तेच घे, बाकी यादीत काही बदलावं लागणार नाही. त्याचाच ८ जीबीचाही प्रकार आहे आणि खोकी सारखीच दिसतात, तेव्हा आकडा वाचून घे. मॉनिटर १०८० पी, आयपीएस, १४४ हर्ट्झ किंवा वर. केबल ग्राफिक्स कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ स्वतः निवडावं लागतं, नाहीतर महिनोन्महिने ६० वरच खेळत बसशील.

व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या दोन्ही सोयी चालू लागतात. दोन्ही बोर्डात आहेतच, गेमने एरर दाखवली तर बायॉसमध्ये बघायचं.

खरेदीच्या क्रमाबद्दल माझा आग्रह आहे. एकेक सेल गाठून सहा महिन्यांत भाग गोळा करू नकोस. रॅमचं तेच झालं: पाकीट फोडलेलं नाही, म्हणजे ती चांगली आहे की नाही हे अजून कुणालाच माहीत नाही आणि परत करायची मुदत केव्हाच गेली. वॉरंटी असेल, पण वॉरंटीत बदलून मिळायला आठवडे जातात. आता प्रोसेसर, बोर्ड, एसएमपीएस आणि एसएसडी एकाच आठवड्यात घे. ७६०० असल्यामुळे ग्राफिक्स कार्ड नसतानाही मशीन सुरू होईल. कॅबिनेटमध्ये घालायच्या आधी बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवूनच सुरू करून बघ. रॅमच्या पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये; बोर्डाला दोनच स्लॉट असतील तर प्रश्न नाही. पहिल्यांदा चालू केल्यावर एएम५ काही मिनिटं काळा पडदा दाखवतं, ते रॅमशी जुळवून घेत असतं. घाबरून बटण बंद करू नकोस. पुढे बायॉसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी प्रोफाइल (रॅमच्या पूर्ण वेगाची तयार सेटिंग) चालू कर, नाहीतर ५६०० ची रॅम बहुधा ४८०० वर चालेल. मग रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम. ती पास झाली की ग्राफिक्स कार्ड घ्यायला जा.

आणि पुढे कधी तशीच दुसरी जोडी घेऊन चार पट्ट्या करायचा मोह होईल. डीडीआर५ मध्ये तो टाळ. रायझन ७००० वर चार पट्ट्यांचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत उतरतो. ३२ जीबी हवी झाली तर ही विकायची आणि १६ च्या दोन घ्यायच्या.

मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जायचं ठरवलंस तर मॉडेलचं पूर्ण नाव कागदावर लिहून ने, शेवटच्या अक्षरासकट. "ते नाहीये, हे सेमच आहे" असं ऐकू येईल. दुकानाबाहेर येऊन फोनवर बोर्डाची यादी बघ, मग परत आत जा. जीएसटीचं बिल, त्यावर सिरियल नंबर, आणि वॉरंटी कंपनीची भारतातली आहे ना, एवढं विचारायचं. ऑनलाइन घेतलंस तर खोकी उघडताना व्हिडिओ काढ.

बाबांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. दुकानदार जोडून देतो आणि काही बसलं नाही तर ती डोकेदुखी त्याची असते. पण ९० हजारांत निम्मे तुझे आहेत आणि तुला शिकायचंय, तर तू जोड. बाबांना शेजारी बसव. एएम५ च्या पिना प्रोसेसरला नसतात, बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, १७१८, केसासारख्या. प्रोसेसरवरचा त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवून नुसता वरून ठेवायचा, दाबायचा नाही. नंतर लिव्हर ओढताना मात्र जोर लागतो, बोर्ड मोडतोय की काय असं वाटेल इतका. ते ठीक आहे.

पत्रात विचारलं नाहीस, पण आरजीबी पट्टी, म्हणजे रंगीत दिव्यांची, तू लावणारच. बोर्डावर तिच्यासाठी दोन प्रकारचे हेडर (वायर खोचायच्या जागा) असतात: तीन पिनांचा ५ व्होल्टचा आणि चार पिनांचा १२ व्होल्टचा. ५ व्होल्टची पट्टी १२ मध्ये खोचलीस तर जळते. पट्टी घेण्याआधी बोर्डाच्या मॅन्युअलमध्ये कोणता हेडर कुठे आहे ते बघून घे.